बाजूची सीट

“लिंबू कुठे ठेवायचं?” प्रमोदिनीबाईंनी विचारलं, आणि घड्याळांच्या शोरूममध्ये कुणालाच उत्तर देता येईना.

गाडीची पूजा असती तर प्रश्नच नव्हता. दसऱ्याला अख्ख्या नागपुरात चाकांखाली लिंबं चिरडली जातात. पण इथे पूजा होती घड्याळाची. शर्यतीच्या गाडीवरून बेतलेलं विदेशी घड्याळ. सेल नाही, सगळा कारभार आतल्या चक्रांवर. तबकडी स्पीडोमीटरसारखी, मागचं झाकण चाकाच्या रिमसारखं, आणि मनगटावर बांधायचा पट्टा तर गाडीतल्या सीटबेल्टच्याच कापडाचा. मालकांचा मुलगा विक्रम या घड्याळाला ‘मनगटावरची गाडी’ म्हणायचा. त्याच्या आईनं, प्रमोदिनीबाईंनी, ते शब्दशः घेतलं होतं. गाडी म्हटली की हळदकुंकू आलं, झेंडू आला, लिंबूही आलंच.

शेवटी काचेच्या स्टँडच्या पायाखाली लिंबू सारलं. स्टँड कलंडला. घड्याळ फरशीवर आपटणार तोच तिथे काम करणाऱ्या सरितानं ते वरच्या वर झेललं.

बाईंनी तिच्या हातातून घड्याळ घेतलं, पदरानं दोनदा पुसलं, आणि अगदी मायेच्या सुरात म्हणाल्या, “सरिता, ओवाळताना तू जरा मागे राहा हं. नवी वस्तू आहे, गाडीसारखीच. आज विक्रम घालणार आहे. राग मानू नकोस.”

“नाही बाई,” सरिता म्हणाली आणि मागे सरकली.

राग मानू नको म्हणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की आपण राग यावा असंच बोललो आहोत. घड्याळ वाचवायला विधवेचा हात चालतो. ते रोज पुसून-बिसून ठेवायला, गिऱ्हाइकापुढे त्याचे गुण गायलाही चालतो. ओवाळताना मात्र तिची सावली नको. सरिता कपाटाजवळ उभी राहिली. आरतीची टाळी तिनंही वाजवली, कारण न वाजवणं दिसलं असतं.

तिचा नवरा दुर्गेश याच घरचा ड्रायव्हर होता. रामटेकजवळच्या खेड्यातला, आधी टेम्पो चालवलेला, मग बारा गावचं पाणी पिऊन विक्रमच्या वडिलांकडे, कृष्णकांत साहेबांकडे, टिकलेला. गाडी बंगल्यात घेताना पोर्चमध्ये झोपलेलं कुत्रंसुद्धा उठायचं नाही, इतका त्याचा हात हलका. साहेबांनी विक्रमसाठी ती बुटकी, गुरगुरणारी गाडी आणली, तेव्हा तिला ऊनसुद्धा लागू नये म्हणून धडपडणारा दुर्गेशच होता. “विक्रमबाबू कधी कधी मले बाजूले बसवते,” तो घरी सांगायचा. “सोताच चालवते. मी आपला रामाचं नाव घेत बसतो.”

चार वर्षांपूर्वी मनसरच्या पुढे ती गाडी पलट्या खात धानाच्या बांधीत गेली. गावकऱ्यांनी दोघांनाही ओढून बाहेर काढलं. विक्रम खरचटण्यावर निभावला. दुर्गेश दीड दिवस बेशुद्ध होता, मग गेला. पोलिसांना, पेपरवाल्यांना, सगळ्यांना साहेबांनी एकच सांगितलं: गाडी दुर्गेश चालवत होता.

हे खरं का, असं सरितानं तेव्हा एकदा विचारलं होतं. फक्त एकदा. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, मी खोटं बोलेन का?” मग त्यांनी गाडीच्या नुकसानीबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट तिला शोरूममध्ये नोकरी दिली. सगळे म्हणाले, देवमाणूस. मेलेल्याला तोंड नसतं आणि जिवंत सरिता उपकाराखाली मुकी झाली. घरी अकरावीतली मुलगी मिनल स्कूटी शिकायला तयार नव्हती. “बाबांसारखं झालं तं?” म्हणायची. गावात दुर्गेशच्या वडिलांना, चंपतरावांना, लोक पारावर ऐकू जाईल असं बोलायचे, “पोरानं मालकाची गाडी ठोकली, तरी मालकानं सुनेले पोटाशी लावलं.” म्हातारा त्यामुळे दर दसऱ्याला एसटीनं नागपूरला यायचा. आपट्याची पानं, म्हणजे दसऱ्याचं सोनं, साहेबांच्या हातात द्यायचा, आणि वयानं मोठा असून त्यांच्या पाया पडायचा. काचेच्या दाराबाहेर चपला काढून.

आजही येणार होता.

पाहुणे जमले. बिल्डर होते, डॉक्टर होते, दोन पेपरचे फोटोग्राफर होते. मध्यभागी पांढऱ्या गालिच्यावर विक्रमनं खऱ्या गाडीच्या दोन सीटा मांडल्या होत्या. उजव्या सीटपुढे स्टेअरिंग, डावीकडे बाजूची सीट. दोन्हींना पट्टे. पाहुण्यानं घड्याळ घालून बसायचं, सरितानं पट्टा बांधायचा, आणि फोटो काढायचा. सकाळपासून सरावासाठी तिनं कितीतरी जणांना बांधलं होतं. स्टेअरिंगवाल्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे यायचा, बाजूवाल्याचा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. हाताला आता सवय झाली होती, बघावंही लागत नव्हतं.

एक पांढऱ्या मिशांचे डॉक्टर स्टेअरिंगवर बसले. सरिता त्यांचा पट्टा लावत होती आणि विक्रम हातात माइक घेऊन बोलत होता.

“हा पट्टा म्हणजे नुसती स्टाइल नाही. माझ्यासाठी हे पर्सनल आहे. आमच्या ड्रायव्हरने आमची गाडी उलटवली होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. गाडी सुपरकार आणि चालवणारा बैलगाडीवाला!” लोक हसले. “जाऊ द्या, गेला बिचारा. पण मशीन कुणाच्याही हातात देऊ नये, एवढं मी शिकलो. मी बाजूला बसलो होतो. वाचलो तो या पट्ट्यामुळे. महिनाभर वळ होता अंगावर. इथून...” त्यानं उजव्या खांद्यावर बोट ठेवलं आणि तिरपं ओढत डाव्या कमरेपर्यंत नेलं, “...इथपर्यंत!”

टाळ्या पडल्या.

सरिता वाकलेली होती. डॉक्टरांच्या छातीवरचा पट्टा तिच्या नाकासमोर होता. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं तिला ओला टॉवेल दिला होता. ‘पुसून घ्या त्यांना, बरं वाटेल.’ दुर्गेशच्या छातीवर काळानिळा पट्टा उठला होता. तिला वाटलं होतं, गावकऱ्यांनी दोर लावून ओढलं असेल. त्याला दुखेल म्हणून तिनं टॉवेल त्याच्यावरून हळूहळू फिरवला होता. डाव्या खांद्यापासून खाली, उजव्या कमरेपर्यंत. विसरायला ती काही परक्याची छाती नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ते सरितानं आजवर नुसतं ऐकलं होतं.

“विक्रमबाबू,” ती ताठ उभी राहून म्हणाली. शोरूममध्ये ती त्याला ‘सर’ म्हणायची. ‘बाबू’ म्हणायचा तो दुर्गेश. “कोणत्या सीटवर होते तुम्ही?”

“बाजूच्या. आत्ताच सांगितलं ना. सरिता, पुढचे गेस्ट—”

“मंग पट्टा इकून कसा आला?”

विक्रमला काही कळलं नाही. माइक चालू होता.

“हे डॉक्टरसाहेब स्टेरिंगवर बसून राहिले,” सरिता म्हणाली. गिऱ्हाइकांशी बोलायची तिची घासूनपुसून शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली होती. “पाहा यायचा पट्टा. उजव्या खांद्याहून खाली. तुम्ही आता बोटानं दाखवला ना, तस्साच. आन् हा बाजूच्या सीटचा.” तिनं डावीकडचा पट्टा खसकन ओढला आणि स्वतःच्या छातीवर आडवा धरला. “हा इकून येते, डाव्या खांद्याहून. मिनलच्या बाबाले म्या माह्या हातानं पुसलं. त्यायच्या अंगावरचा वळ असा होता. असा!”

डॉक्टरांनी खाली मान घालून आपल्या छातीकडे पाहिलं. मग त्यांनी आपला पट्टा आपणच सोडला आणि कुणाकडे न बघता सीटवरून उठले.

“काय बोलतेयस तू?” विक्रमनं माइक खाली घेतला. “एवढी वर्षं झाली. नेमकं कुठे होता, मला काय आठवतंय आता—”

“आता तं सगळ्यायले दाखवलं. तवा आठवलं, आता नाई आठवत?”

तिनं साहेबांकडे पाहिलं. कृष्णकांत साहेब मुलाकडे बघत नव्हते, तिच्याकडेही नाही. पाहुण्यांत कोण कोण ऐकतंय, ते बघत होते. तेवढ्यावरून सरिताला कळायचं ते कळलं. म्हणजे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हासुद्धा.

ते जवळ आले. “सरिता, केबिनमध्ये ये. आत बोलू.”

“अंदर काहून? त्याले बैलगाडीवाला म्हटलं ते तं बाहेरच म्हटलं, चार लोकायसमोर. मले बी इथंच बोलू द्या.”

“हे बघ,” साहेबांचा आवाज अगदी खाली आला. “तो वाचणार नव्हता, डॉक्टरांनी सांगितलं होतं. याची उभी जिंदगी पुढे होती. बापाच्या जागी बसून विचार कर. आणि तुला आम्ही उघड्यावर नाही ना सोडलं?”

“मले नाई सोडलं,” सरिता म्हणाली. “त्याले सोडलं.”

“अगं, सणाच्या दिवशी हे काय आणलंस इथे?” प्रमोदिनीबाईंच्या हातात अजून आरतीचं ताट होतं. “म्हणून मी म्हणत होते, मागे राहा...”

“मी आणलं?” सरिता एवढ्या जोरात ओरडली, की काचेच्या कपाटातली घड्याळंही हादरली असतील. “तुमच्या पोरानं मले असं केलं, बाई! आन् त्याले माही नजर लागू नाई म्हणून तुम्ही मले मागं उभं केलं! लिंबू माह्या घरावरून उतरवाले पायजे होतं, तुमच्या पोरानं मिनलच्या बाबाले गाडीत बसवाच्या आधी!”

एका फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला, मग साहेबांकडे पाहून खाली ठेवला. सरितानं छातीवरचा पट्टा सोडला, तो सर्रकन मागे गेला. नोकरी गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मिनलची फी, खोलीचं भाडं, सगळं दिसत होतं. तरी तिला आणखी ओरडायचं होतं. चार वर्षांचं साठलं होतं, एवढ्यात कुठलं सरतंय?

तेवढ्यात दार उघडलं.

चंपतराव आत आले. दीक्षाभूमीच्या गर्दीनं एसटी अडकली असणार, सदरा घामानं पाठीला चिकटला होता. पायांत काही नव्हतं. मुठीत आपट्याच्या पानांची जुडी होती. एवढी माणसं पाहून म्हातारा आधीच अंग चोरून चालत होता. साहेब दिसताच ते सवयीनं त्यांच्यासमोर गेले.

“मालक, सोनं घ्या. सोन्यासारखं राहा,” म्हणत ते वाकायला लागले.

सरितानं धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

“वाकू नका, मामाजी.”

“काहून वं?” चंपतराव गोंधळले. “काय झालं?”

तिला वाटलं होतं, हे सांगताना आपण रडू. पण रडू आलं नाही. तिनं त्यांना सरळ उभं केलं, खांद्यावरचा त्यांचा शेला नीट केला आणि सांगितलं, “गाडी तुमचा दुर्गेश नव्हता चालवत. बाबू चालवत होते. दुर्गेश बाजूले बसला होता.”

म्हाताऱ्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नजर दाराकडे वळवली. मग विक्रमकडे पाहिलं. विक्रम मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा उगाच घट्ट करत होता. चंपतराव मग सरिताकडे वळले.

“त्याच्या हातून नाई गेली गाडी?” ते म्हणाले.

“नाई, मामाजी.”

“नाई गेली,” ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांची नजर त्या दोन सीटांवर गेली. “बाजूले म्हंजे कोणती?”

सरितानं डावीकडची सीट दाखवली.

चंपतराव धुळीच्या पायांनी त्या पांढऱ्या गालिच्यावरून चालत गेले आणि त्या सीटवर बसले. त्यांना कुणी अडवलं नाही. बसल्यावर त्यांनी सीटच्या कडेवरून हात फिरवला. मग उजवीकडे वळून स्टेअरिंगकडे हात लांब केला, जितका जाईल तितका. बोटं चाकाच्या अलीकडेच राहिली.

“इकून तं हात पुरत नाई वं, पोरी.”

“नाई पुरत, मामाजी,” सरिता म्हणाली.

त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. सोनं अजून दुसऱ्या मुठीतच होतं; कुणालाच दिलेलं नव्हतं.