साडेचारशे वॅटचं वजन

मी साडेचारशे वॅटचा पॉवर सप्लाय बोलतोय. निदान माझ्या स्टिकरवर तसं छापलंय, आणि छापणाऱ्याने मला विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या डब्यात बसायचं, भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या सगळ्यांना सोसेल तेवढी वाटायची, हे माझं काम. वाढपीच म्हणा ना, फक्त माझ्याकडे भात निम्म्या पंगतीपुरताच होता.

जन्म कुठल्या शेडमध्ये झाला ते ठाऊक नाही. एवढं आठवतं, की माझ्या बोर्डावर बऱ्याच जागा मोकळ्या राहिल्या. तिथे कुणी बसायचं त्यांची नावं छापली होती, पण ती मंडळी आलीच नाहीत. शेवटी कुणीतरी माझ्या पोटात लोखंडाची जाड पट्टी चिकटवून झाकण लावलं. हाच आपला मुख्य भाग, असं समजून मी बरेच दिवस फुगून होतो.

दौंडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार सुमितने मला काउंटरवर ठेवलं, तेव्हा समोर राहू गावचे गेणबा आणि त्यांची नात अंकिता उभे होते. गेणबांची हयात मेंढरांमागे गेलेली. बाजारात मेंढी पारखायला गावातले लोक त्यांनाच सोबत न्यायचे. त्यांनी एका तळहातावर मला घेतलं, दुसऱ्यावर शेजारच्या पॉवर सप्लायला, आणि म्हणाले, "ह्यो घे. दमदार हाय." मी शेजाऱ्याकडे जरा तुच्छतेनेच पाहिलं.

अंकिताला रांजणगावच्या एका कंपनीत मुलाखत होती. मशीनच्या भागांची स्वतः केलेली ड्रॉइंग्ज तिथे दाखवायची होती, आणि चार महिन्यांची ती मेहनत त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये होती. मोठं ड्रॉइंग उघडलं की माझी दमछाक व्हायची आणि सगळं बंद पडायचं. घरचे म्हणायचे, लाईटचा घोळ आहे. डोक्यावर पंखा फिरत असायचा, तरी दोष लाईटचाच. मीही गप्प बसायचो, सोयीचं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी मला जळका वास सुटला. चांगल्या घरचा पॉवर सप्लाय अशा वेळी स्वतःच बंद होतो. ते काम करणाऱ्याची जागा माझ्यात मोकळी होती. मी जातोय, आणि जाताना तिची ड्रॉइंग्जही घेऊन जाणार, हे मला कळत होतं. फार लाज वाटली, पण लाजेने वीज थांबत नाही. दारात चहा पीत बसलेल्या गेणबांना वास आला. त्यांनी कप ठेवला आणि धावत येऊन बटण बंद केलं.

दोघं कॉम्प्युटर घेऊन तडक सुमितकडे आले. त्याने मला बाहेर काढून उघडलं. गेणबांनी पट्टीवर बोट ठेवलं.

"हे लोखंड काय काम करतं?"

"काय न्हाई, आबा. वजन वाढवतं," सुमित खाली बघत म्हणाला. "म्या बी कवा उघडून बघितलं न्हाई."

अंकिताने स्टिकरवरची बारीक अक्षरं वाचली. बारा व्होल्टच्या रकान्यात सोळा अँपियर. बारा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव वॅट. वर ठळक साडेचारशे. माझी लबाडी माझ्याच पाठीवर लिहिलेली होती आणि ती कुणी वाचली नव्हती.

गेणबांनी मला पुन्हा तळहातावर तोललं. मग म्हणाले, "मेंढरू घेताना लोकरीत हात घालून पाठ दाबत आलो. हितं नुसती लोकरच बघितली."

सुमितने माझ्या जागी काउंटरवरचा तो हलका शेजारीच बसवला. ड्रॉइंग्ज सगळी जागेवर होती. अंकिता आता कंपनीच्या बसने रांजणगावला जाते.

माझ्या भाऊबंदांपैकी कुणाला घरी न्यायचं असेल, तर ठळक आकड्यावर भाळू नका. बारीक अक्षरांचा गुणाकार करा, आणि जाणत्याला आतलं विचारा. मी स्वतःच सांगतोय म्हटल्यावर खरं मानायला हरकत नाही.

सध्या मी गेणबांच्या अंगणात कोंबडीच्या पिल्लांवर झाकलेल्या डालग्यावर बसतो, मांजराने ते उलथवू नये म्हणून. परवा अंकिताने विचारलं, "आबा, हे भंगार अजून कशाला ठेवलंय?"

गेणबांनी मला उचललं, डालग्यावर नीट बसवलं.

"ऱ्हाऊ दे. वजन तेवढं खरं हाय त्याचं."