बघायची खुर्ची

“ताई, उठा तिथून. ती बसायची खुर्ची नाही, बघायची आहे.”

माझी भावजय हॉलच्या दारातूनच म्हणाली. मी हलले नाही. त्या खुर्चीची बैठक मी नुकतीच नव्याने विणून दिली होती. वेत भिजवून ओढता ओढता बोटांची सालं निघाली होती, आणि वर हे ऐकायचं.

“मीच विणलीय ती.”

“म्हणूनच सांगतेय. सैल पडेल.”

माझा भाऊ आणि ही बाई जुनं फर्निचर कार्यक्रमांना भाड्याने देतात. कुणाची साठी, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस. न वाजणारा ग्रामोफोन, तार कापलेला टेलिफोन, डाग पडलेला आरसा मांडून ठेवायचा आणि लोकांनी त्यापुढे फोटो काढायचे. खुर्च्यांचं विणकाम माझ्याकडे. ही खुर्ची तर आमच्या वडिलांची, आप्पांची. आप्पा होते तोवर तिच्यात दुसरं कुणी बसत नसे, आप्पा गेल्यावर भावाने ती उचलून गोदामात नेली. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं.

मी उठले ते तिच्या सांगण्यावरून नाही. समोरच्या टेबलावर फोटोंच्या फ्रेमा मांडल्या होत्या आणि मधल्या सोनेरी फ्रेममधून माझी आई माझ्याकडे बघत होती.

हा फोटो भाऊ आमच्याकडून घेऊन गेला होता. “काच तडकलीय ताई, बदलून आणतो.” तेव्हापासून आईच्या पलंगासमोर भिंतीवर नुसता खिळा आहे. रोज सकाळी डोळा उघडला की आई त्या खिळ्याकडे बघते आणि विचारते, “आणला का गं?” आज निघताना मी तिला सांगून आले होते, आज घेऊनच येते.

“हा इथे कसा?” मी भावजयीला विचारलं.

“बाकीचे सगळे फोटो रद्दीवाल्याकडचे आहेत. चेहरे अगदीच पडेल. हा आजच्या कार्यक्रमाच्या शेठना आवडला. म्हणाले, हिचा चेहरा खानदानी आहे.”

“ती तुझी सासू आहे.”

“मग मी कुठे नाही म्हणतेय? एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. उगाच राईचा पर्वत करू नका.”

सासू आजारी पडल्यापासून ही दोनदा आली, दोन्ही वेळा चप्पल न काढता दारातून परत गेली. आणि चेहरा मात्र चालतो. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण तेवढ्यात भाऊ आला.

“ताई, पाया पडतो. कार्यक्रम होऊ दे, मी स्वतः आणून लावतो.”

त्याच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले. लहानपणापासून मी हेच करत आलेय आणि त्याने तेच गृहीत धरलंय.

संध्याकाळी हॉल भरला. शेठच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. पाहुणे त्या कोपऱ्यात येत, खुर्चीमागे उभे राहत, फोटो काढून पुढे सरकत. मी खांबाशी उभी होते. शेठ एका वयस्कर बाईंना घेऊन टेबलापाशी आले आणि त्यांनी सोनेरी फ्रेमवर बोट ठेवलं.

“ही माझी आजी. या खुर्चीत आजोबा बसायचे. मी लहान असतानाच गेली बिचारी.”

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. भाऊ त्यांच्या शेजारीच उभा होता, त्याने स्वच्छ ऐकलं होतं. बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग भावाकडे.

“तुमच्यासारखाच चेहरा आहे हो. नात्यातल्या का तुमच्या?”

“छे, आमचं काय नातं,” भाऊ हसून म्हणाला. “आम्ही फर्निचर भाड्याने देतो.”

इतका वेळ मी भावजयीवर जळत होते. तिचं सोडा, ती परक्या घरातून आली. हा तर आईच्या पोटचा.

मी खांबाजवळून निघाले. टेबलावरचा फोटो उचलला, खुर्चीच्या बैठकीवर ठेवला आणि खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. वेताची खुर्ची तशी हलकी असते.

“अहो बाई, काय करताय?” शेठ म्हणाले.

“तुमच्या आजीला घरी नेतेय. तिची औषधाची वेळ झाली.”

कुणी हसलं नाही. भावजय आडवी आली, “ताई, तमाशा करू नका,” म्हणाली. मी खुर्चीचे पाय तिच्या दिशेने धरून चालत राहिले, तेव्हा ती बाजूला झाली. भाऊ टेबलापाशीच उभा होता. मी दारापर्यंत त्याची वाट बघितली, हे खरं आहे.

रिक्षावाल्याने खुर्ची घ्यायला कुरकुर केली, शेवटी घेतली. घरी आईजवळ शेजारीण बसली होती. ती उठून गेल्यावर मी फोटो खिळ्याला लावला. आई बराच वेळ बघत राहिली. फोटोत ती पंचविशीची, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभी. फोटोवाला घरी आला त्या दिवशी आप्पा कशावरून तरी चिडून निघून गेले होते, म्हणून खुर्ची रिकामी आणि आई शेजारी.

“कुठे होता इतके दिवस?”

“कार्यक्रमाला गेली होतीस तू.”

“बरं. आणि तो आला नाही?”

“कामात आहे.”

मग तिला दाराशी ठेवलेली खुर्ची दिसली.

“ती कशाला आणलीस?”

“तुला बसायला.”

“नको गं. बैठक सैल पडेल.”

“पडू दे. मी परत विणीन.”

मी खुर्ची पलंगाशी आणली, तिच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि खुर्चीत बसवलं. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती अगदी कडेला टेकली, परक्याच्या घरी बसतात तशी.