तोंडात पाणी धरून

"अहो, येताना दोन किलो कांदे आनजा."

"दोन किलो कांदे!" अंगणातून आवाज गरजला, पण माणूस जागचा हलला नाही. मी "ठीक" म्हटलं, तेव्हा कुठे पायात चप्पल गेली.

हे आमचे यजमान, हवालदार प्रेमदास. एकोणीस वर्षं तोफखान्यात आहेत. वायरलेसवर आकडा आला की तो मोठ्यानं परत म्हणायचा, पलीकडून "ठीक" आलं की मगच तोफेला हात लावायचा. एक आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर. म्हणून या सवयीची मी थट्टा पुष्कळ केली, पण राग कधी केला नाही. आमच्या पवनारच्या गल्लीलाही आता तिचं काही वाटत नाही.

या वेळी सुट्टीवर आले ते मात्र तोंड उतरवूनच. रेजिमेंटच्या जुन्या तोफा जाऊन नव्या येणार होत्या. नव्या तोफेत आकडा पडद्यावर येतो, दहा सेकंदांत बटणं दाबायची. पहिल्या चाचणीत आमचे हवालदारसाहेब आकडा ओरडले आणि "ठीक"ची वाट बघत बसले. पडदा कशाला बोलतोय? चोवीसपैकी एकोणीस आकडे वाया गेले. सुट्टीनंतर दुसरी चाचणी, आणि तीच शेवटची. तीत चोवीसच्या चोवीस आकडे जमले नाहीत तर तोफेवरून उतरवणार आणि निवृत्तीपर्यंत भांडारात ब्लँकेटं मोजायला बसवणार.

"मंग मोजा ब्लँकेटं," मी म्हटलं. "पेन्शन काई कमी होनार नाई."

"माधवी, मी तोफेवरचा मानूस आहो. घरी येईन तं तोफेवरूनच."



सराव घ्यायचं आमच्या आकांक्षानं ठरवलं. पोरगी दहावीत आहे, पण हुकूम सोडते सुभेदारासारखी. तिनं आपल्या फोनवरून मनाला येईल तो सहा अंकी आकडा पाठवायचा आणि यांनी तो दहा सेकंदांत टिपून परत धाडायचा. पण हातांच्या आधी तोंड उघडायचं. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी तिनं पाण्याचा गडवाच पुढे केला.

"बाबा, तोंडात पानी धरा. गिळाचं नाई, थुकाचं नाई."

पहिल्याच आकड्याला पाण्याचा फवारा उडाला आणि वाळत घातलेली माझी साडी पुन्हा भिजली. मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत. त्यांनी गडवा उचलला आणि परत तोंड भरलं.

सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. गाल फुगलेले, मान ताठ. शेजारच्या जिजाबाईंनी तर "भाऊची दाढ दुखून राह्यली का वं?" म्हणून लवंगा आणून दिल्या. पंधरा आकडे जमले, मग अठरा, मग एकवीस. चोवीस काही होईनात.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी विसावा आकडा टिपून झाला आणि यांच्या फोनवर एक फोटो येऊन पडला. यांच्याच तोफेवरच्या चंदननं पाठवलेला. तोफखान्याला पलटणींसारखा वेगळा झेंडा नसतो, तोफ हेच त्यांचं निशाण. पुढच्या आठवड्यात यांच्या हजेरीत व्हायचा जुन्या तोफेचा निरोप आधीच उरकला होता. तोफ नव्यानं रंगवलेली, नळीवर झेंडूचा हार. मागे पाच जवान सावधान उभे, आणि उजव्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी सोडलेली. खाली लिहिलं होतं, "सर, आपकी जगह खाली रखी है।"

यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. खांदे हलू लागले. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. तेवढ्यात एकविसावा आकडा आला. यांनी अंगठ्यानं फोटो वर सारला आणि आकडा टिपून धाडला. बरोबर होता.

आकांक्षाचा हात थांबला. ती माझ्याकडे बघू लागली.

"पाठव," मी म्हटलं.