बॅटरी किती माणसांची

काळ्या प्लास्टिकचा तो जोड बोटाच्या दोन पेरांएवढा होता, आणि त्याची दोन टोकं एकमेकांत सारली की टक् असा आवाज व्हायचा—इंद्रभाननं आतापर्यंत सहा वेळा तो आवाज करून पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी टोकं सोडवायला शेखरकडून ती छोटी प्लास्टिकची किल्ली मागून घेतली होती. नुसत्या हातानं सुटत नाही म्हणे. वाऱ्या-पावसात पॅनेलची वायर निसटू नये म्हणून मुद्दामच तसा केलेला. एक नर, एक मादी, असं शेखरनं पहिल्याच वेळी सांगितलं होतं, वडीलधाऱ्यांसमोर सांगतात तसं, अर्धं हसू गिळून... सातव्यांदा तो लावून पाहावासा वाटला तेव्हा इंद्रभाननं तो काउंटरवर ठेवून दिला. एकसष्टाव्या वर्षी माणसानं दुसऱ्याच्या दुकानात बसून खेळत राहू नये.

"काका, एवढं एकच सांगा," शेखर म्हणाला. "मान्सं किती झोपतीन?"

धामणगाव बढेत शेखर शेतातल्या पंपांना सोलर बसवायचा. त्याला एकर विचारायची सवय, बोअरची खोली विचारायची सवय. माणसं मोजायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ती आणली होती बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या पत्र्याच्या खोलीनं. दोन चाकं, एक खिडकी, आत फळीचा पलंग, मागं स्वयंपाकाचा ओटा—कडूबा वेल्डरनं चार महिने लावून ती बनवली होती. जुन्या जीपला जोडून ती ओढत न्यायची आणि वाटेल तिथं मुक्काम करायचा, हे गावाला पटण्यासारखं नव्हतंच, तेव्हा गावानं आपल्यापुरता अर्थ लावला होता. सकाळी दुकानापर्यंत आणताना दोघांनी हात करून जीप थांबवली आणि उसाचा रस कितीला ग्लास ते विचारलं. दुसऱ्यानं तर बर्फ कमी टाक असंही सांगितलं.

लोडचा कागद इंद्रभाननं रात्रीच भरून आणला होता. पंखे, दिवे, फोन. कशाला किती वॅट, किती तास. अक्षर असं की जणू वरिष्ठांकडे जायचं आहे. पस्तीस वर्षं गावोगाव मीटरचं रीडिंग घेत फिरलेल्या माणसाला आकडा तिरका काढणं जमत नाही. माणसं त्याला चेहऱ्यानं आठवत नसत, युनिटांनी आठवत. महिन्याला साठाची नव्वद झाली की त्या घरी सून आली. एकदम दोनशे झाली की चक्की बसवली आणि सांगितलं नाही. वीस-बावीसवर आली की मुलं शहरात गेली, म्हातारा-म्हातारी उरली. कुणाच्या घरात काय चाललं आहे हे ओसरीवरच्या काचेतून बघून तो सांगू शकायचा, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता... आत जायची कधी गरजच पडली नाही. मीटर बाहेर असतं हे एका परीनं बरंच. आत बोलावतील की नाही, पाणी दिलं तर कोणत्या पेल्यातून देतील, हे प्रश्नच उरत नसत. सायकल लावायची, आकडा टिपायचा, पुढचं घर. कुणाला काही विचारायचं नाही, म्हणजे कुणी काही नाकारत नाही.

स्वतःच्या घराचं मीटरही तो त्याच सवयीनं वाचायचा. एकशे दहा होती. आता अडतीस.

कागदावर पंखे दोन लिहिले होते. रात्री लिहिताना हात अडखळला नव्हता. आता शेखरचं बोट नेमकं त्याच ओळीवर होतं.

शेखरनं सगळं उलगडून सांगितलं होतं, आणि पोरगा लबाड नव्हता; महागडं गळ्यात मारायचं त्याच्या डोक्यात नव्हतं. पाण्याची बॅटरी स्वस्त, पण निम्मीच वापरायची, वर पाणी घालत बसायचं, आणि वजन इतकं की जीप कुथेल. लिथियम घ्या. एक माणूस, एक पंखा, एक दिवा, फोन—शंभर वॅटचं पॅनेल आणि चाळीस अँपिअरची बॅटरी पुष्कळ. सगळं मिळून पंधरा हजारांत. दोन माणसं म्हटलं की बॅटरी दुप्पट, पॅनेल दुप्पट, सत्तावीस. पॅनेल टपावर पक्कं बसवू नका, लांब वायर ठेवा—गाडी सावलीत, पॅनेल उन्हात.

मग आज एकाचं घेतो, पुढं लागलं तर वाढवू, असं इंद्रभान म्हणाला होता. त्याला तो मार्ग फार सोयीचा वाटला होता. कुणाला काही विचारायला नको.

"पॅनल वाढोता येते काका, कंट्रोलर मोठा टाकून देतो. पन बॅटरी नाही जमत. जुनीच्या जोडीले नवी जुपली तं नवीबी जुनीच्याच चालीनं चालते. बॅटरी आजच ठरवा."

म्हणजे आजच.

सव्वा महिन्यासाठी गेली होती त्याची बायको, धम्मशीला. लेकीचं, समताचं पहिलं बाळंतपण, पुण्यात, आणि समताची नोकरी अशी की सहा महिन्यांनी पुन्हा हजर. सव्वा महिन्याचे सहा महिने झाले, मग पोरगी रांगायला लागली, मग पडायला लागली, मग बोलायला लागली. याचा निवृत्तीचा सत्कार झाला तेव्हा ती एका रात्रीपुरती आली, नारळ-शाल आवरून ठेवली आणि सकाळच्या गाडीनं गेली. तीन वर्षं. त्यानं एकदाही ये म्हटलं नाही. तिनंही येऊ का विचारलं नाही. नात सांभाळते, समताला आधार आहे, बरी आहे—असं त्यानं टिपून ठेवलं होतं. दर महिन्याला तेच.

आणि तरी ही पत्र्याची खोली... दरवर्षी दोघं नागपूरला जायची, दीक्षाभूमीला. भाकरी बांधून, लाखोंच्या गर्दीत चटईभर जागा धरून झोपायची. एका वर्षी पहाटे, पाण्याच्या रांगेतून कळशी घेऊन परत येताना ती म्हणाली होती की ही गर्दी आपलीच आहे, तिचा शीण नाही, पण एकदा जिथं कुणीच नसेल अशा जागी दोन दिवस राहावं. रांग नाही, कळशी नाही. समता तेव्हा चौथीत होती. वीस वर्षांवर झाली. ते वाक्य त्यानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं, तरी कडूबाला त्यानं पलंगाचं माप सांगितलं ते चार फूट रुंदीचं. एवढ्या रुंद पलंगावर काय लोळायचं आहे का, असं कडूबानं विचारलंच होतं.

साडेबाराला फोन वाजला. रोज वाजतो, नात झोपली की. तो दुकानाच्या पायरीवर आला. जेवलात का, गोळी घेतली का, नळ आला होता का—याचीही उत्तरं ठरलेली. नातीला जूनपासून मोठ्या शाळेत घातली, फी भरली, असं तिनं सांगितलं. त्यानं बरं झालं म्हटलं. मोठी शाळा म्हणजे किती वाजेपर्यंत, हे विचारावं असं मनात आलं. पण तसा प्रश्न केला की पुढचा प्रश्न आपोआप येतो, म्हणून सोडून दिला.

"रसवंती टाकली म्हनतेत तुमी," ती म्हणाली. कुणीतरी कळवलं होतं. आवाजात हसू होतं.

"हाव. तसंच समज."

ती थोडा वेळ बोलली नाही. पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"एकटेच चालवसान काय?"

शेखर थांबला आहे, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बरोबरच आहे, थट्टेला काय उत्तर द्यायचं... मांडीवर हात पुसत तो पायरीवरच बसून राहिला. थट्टाच होती. तिनं थट्टा केली, मी थट्टेवर नेलं, व्यवहार पूर्ण. पण शिट्टीच्या आधीची ती जागा कुठं मांडायची हे त्याला उमगेना, आणि अशा वेळी नको असताना नेहमी आठवते ती गोजरबाई आठवली.

वडनेर भोलजी गावची म्हातारी. गल्लीच्या टोकाचं घर, आणि मीटर तीन महिने तिथंच थांबलेलं. एक आकडा पुढं नाही. त्यानं पत्रकावर ‘मीटर सदोष’ अशी नोंद केली. अशी नोंद झाली की सरासरीचं बिल जातं—पूर्वी जेवढं जळत होतं तेवढं धरून. पुढच्या महिन्यात म्हातारी ते बिल घेऊन दारात उभी होती. त्याला वाटलं भांडेल. ती भांडली नाही.

"मीटर चांगलंच हाय बाबू," ती म्हणाली होती. "संध्याकाळी दिवा लावाचं मनच होत नाही. आत येऊन पाह्यलं असतं तं समजलं असतं ना."

ऑफिसात त्यानं बिल दुरुस्त करून आणलं, ते तिच्या हातात दिलं, आणि त्या दिवशीही ओसरीवरूनच परत फिरला. ती ये म्हणाली होती. आत ये, असं म्हणालेलं एकच घर बहुधा. त्यानं सायकलीचं स्टँड काढलं होतं.

आणि धम्मशीलाबाबत तीन वर्षं मी काय करतो आहे? सरासरीच की. बरी आहे, रमली आहे, येणार नाही, पूर्वीवरून धरलेलं. आता दोन पंखे लिहिले तेही सरासरीनंच, आणि एक लिहिला असता तर तेही.

"काका, चाळीस काढू का ऐंशी?" आतून शेखरनं विचारलं.

थांब जरा, असं सांगून इंद्रभान उठला आणि पत्र्याच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसला. पत्रा तापला होता, रंगाचा वास अजून होता. खिडकीतून समोरचा रस्ता, त्यावरून जाणारं ट्रॅक्टर, एक कुत्रं. पलंगाची दुसरी बाजू चांगली दोन फूट रिकामी होती, आणि आजवर कधी वाटलं नव्हतं ते त्याला वाटलं—की या जागेचा आकडा आपल्याला माहीत नाही. पंधरा नाही, सत्तावीस नाही, काहीच माहीत नाही. तिला कोणता पंखा लागतो हेसुद्धा. तीन वर्षांत पुण्याच्या हवेनं तिची सवय बदलली असेल.

त्यानं फोन काढला. तिचं नाव वरच होतं, आताचंच. सव्वा वाजत आला होता. या वेळी त्यानं तिला आजवर कधी फोन लावला नव्हता, म्हणजे ती घाबरेल, काय झालं म्हणेल, आणि मग काहीतरी सांगावंच लागेल—आणि ती काय म्हणेल ते त्याला सांगता येईना... अंगठा काचेवर नेऊन तो बसून राहिला, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आत ये म्हटल्यावर उंबऱ्याशी चपला कुठं काढायच्या तेवढंच न कळलेल्या माणसासारखा.