माझ्या पानांवरचे ठिपके

मी एक काटेरी झुडूप. झुडपाला कसली आलीय झोप, असं तुम्ही म्हणाल. पण यंदा पानावर पहिला नारिंगी ठिपका उठला, तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. माझंच काही चुकलं का, हाच घोर.

इली नदीच्या काठी, पाखराने टाकलेल्या बीतून मी उगवले. माझी भावंडं चुलीत गेली. मी उरले ती चिंध्यांमुळे. एकट्या झुडपाला चिंधी बांधून आपलं दुखणं तिथे ठेवून जायचं, ही इथली रीत; अशा झुडपाला मग कोणी कोयता लावत नाही.

बर्फ वितळता वितळता गावातली जानिल आली. तिची लेक तोर्गिन गोवराने फणफणली होती. मुलीच्या झग्याची लाल पट्टी तिने माझ्या फांदीला बांधली. पोर बरी झाली. तिचे ठिपके गेले आणि माझे आले.

हा तांबेरा, बुरशीच ती. सांगायला लाज वाटते, पण आमच्यात साम्य आहे. माझ्या पिवळ्या फुलांत मध, त्याच्या ठिपक्यांवरही गोड थेंब. मी मात्र विरळ, जागची न हलणारी. तो अगणित, आधी माझ्या पानांवर वाढून मग वाऱ्यावर बसून गव्हात जाणारा. मी नसते तर त्याचं अडलं असतं. माझं त्याच्यावाचून काहीच अडत नव्हतं.

आज जानिलचा नवरा झोल्दास कोयता घेऊन आला; मागोमाग जानिल आणि तोर्गिनही.

"गहू पार तांबडा पडलाय. हे इथूनच येतं म्हणे."

"अहो, हे तोर्गिनचं दुखणं आहे. झुडपाने अंगावर घेतलंय. तोडलंत तर तिच्याकडेच परत येईल."

"अगं, शाळेत शिकवतेस ना तू? गोवर कधी झाडाला होतो का?"

"शिकवते. म्हणून भीती वाटू नये?"

"आणि हिवाळ्यात काय, भीतीच्या भाकऱ्या भाजणार आहेस?"

त्याचं खोटं नव्हतं. माझ्या पानांतून उडालेली ती धूळ मी शेतात जाताना पाहिली होती. जानिल पुढे आली. बांधलेली चिंधी इथे कोणी सोडत नाही; सोडणाऱ्याच्या अंगी ते दुखणं येतं म्हणतात. तिने लाल पट्टीची गाठ सोडली आणि ती स्वतःच्या मनगटाला बांधली. झोल्दासने मान फिरवली.

कोयता आता बुंध्याशी टेकलाय. एकच मागणं आहे. माझी फळं पाखरांनी कुठेतरी नेली असतील. दूर डोंगरात, गव्हापासून लांब एखादं रोप दिसलं, तर तेवढं राहू द्या.

तोर्गिन आईला बिलगून उभी आहे. आता रडेल, असं मला वाटलं. पण तिने माझं एक पान तोडलं, उलटं करून पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "मलापण असेच ठिपके आले होते. मग मला का नाही तोडलंत?"