बोटमास्तरांची निवृत्ती

वासवन एकोणतीस वर्षं केरळात आलप्पुळाच्या पाण्यावर सरकारी प्रवासी बोट चालवत होता. छप्पन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा पुढे काय करणार हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण ते केव्हाच ठरलं होतं. नोकरी संपली की पाण्यापासून लांब जायचं, असा शब्द रत्नम्मानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याच्याकडून घेतला होता. ती नऊ वर्षांची असताना होडी उलटली आणि थोरली बहीण तिच्या डोळ्यांदेखत गेली. उभा जन्म पाण्याकाठी काढूनही रत्नम्मा पोहायला शिकली नाही, आणि बोटीत बसली की उतरायचा धक्का येईपर्यंत डोळे उघडायची नाही.

मुलगी सिंधू पालक्काडकडे, चित्तूरच्या शाळेत शिकवायची. तिनं जवळच्याच गावात घर बघून दिलं. मागे थोडी जागा होती. केळी लावायची, दोन शेळ्या पाळायच्या, संध्याकाळी देवळात जायचं, असा बेत मायलेकींनी आखला. वासवन म्हणाला, चालेल.

पण चाललं नाही. पहाटे साडेचारला त्याला आपोआप जाग यायची, आणि मग उजाडेपर्यंत करायचं काय हा प्रश्न. इकडचा वारा कोरडा, ओठ फाडणारा. मासे बर्फातून आलेले, त्यांना ना चव ना वास. केळीला पाणी घालून झालं की तो ओसरीवर बसून राही. रत्नम्मा कधी प्रेमानं तर कधी चिडून म्हणायची, की जरा माणसांत मिसळा. तो हो म्हणायचा आणि तिथंच बसायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या देवळाच्या तळ्यात सातवीतली एक मुलगी पाय घसरून बुडाली. काठावर अकरा माणसं होती, पोहता येणारा एकही नव्हता. आठवड्याभरानं पंचायतीची सभा भरली. तळ्याला तारेचं कुंपण घालावं असं सगळ्यांचं मत पडलं. मागच्या रांगेत बसलेला वासवन उठून उभा राहिला. सभेत बोलायची त्याची ही पहिलीच वेळ.

"कुंपणावरून पोरं चढतात," तो म्हणाला. "आमच्याकडे पाच वर्षांचं पोरसुद्धा पोहतं. मला द्या पोरी. मी शिकवतो."

कुणीतरी हसून म्हणालं, की कालपरवा आलेल्या पाहुण्यानं आम्हाला आमचं तळं शिकवू नये. पण सुहरा मेंबर गंभीरपणे ऐकत होती. तिच्या घरी दोन मुली होत्या. दादा म्हणावं तसं ती म्हणाली, "चेट्टा, माझ्या दोघींपासून सुरू करा. कुंपणाचं मे संपल्यावर बघू."

रत्नम्माला हे शेजारणीकडून कळलं. रात्री जेवण वाढताना ती एवढंच म्हणाली, "शब्द दिला होतात तुम्ही मला."

"दिला होता."

"मी पाणी मागे टाकून आले. तुम्ही ते इथं घेऊन आलात."

पुढचे नऊ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. तो मात्र रोज सकाळी न सोललेले सुके नारळ जोडीजोडीनं बांधून तळ्यावर न्यायचा. मुली ते काखेखाली घेऊन तरंगायच्या, किंचाळायच्या, नाकातोंडात पाणी जाऊन खोकायच्या. दोन मुलींच्या चौदा झाल्या. मग त्यांच्या आया आल्या, आणि एक दिवस कल्याणी नावाची बासष्ट वर्षांची भातलावणी करणारी बाईही.

दहाव्या दिवशी रत्नम्मा देवळातून परतताना तळ्याच्या वरच्या पायरीवर थांबली. कल्याणी पाठीवर पडून तरंगत होती, डोळे मिटून, पांढरे केस पाण्यावर पसरलेले. वासवनचा एक तळवा तिच्या मानेखाली होता. त्यानं तो हळूच काढला. कल्याणी बुडाली नाही. रत्नम्मा तिथंच बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलींचे टॉवेल सांभाळायला यायला लागली. वासवननं तिला पाण्यात ये असं एकदाही म्हटलं नाही. जूनच्या तोंडावर, सगळ्या घरी गेल्यावर, तीच पायऱ्या उतरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. वासवननं हात पुढे केला.

"सोडलात तर बघा," ती म्हणाली.

"आज नाही सोडत."

"उद्यासुद्धा नाही."

"बरं. उद्यासुद्धा नाही."

पाण्यात उभ्या उभ्याच ती रडायला लागली. बहिणीचं नाव तिनं लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्यासमोर घेतलं. गौरी. तिची वेणी हातात आली होती आणि निसटली, हेही सांगितलं. वासवन इतकी वर्षं पाण्यावर वावरला होता, पण हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं हात तेवढा धरून ठेवला.

कुंपण झालं नाही. केळीची अर्धी रोपं वाळली, एक शेळी सिंधूनं शेजाऱ्यांना देऊन टाकली. रत्नम्मा नीट पोहायला कधी शिकली नाही. पाठीवर तरंगता येतं, तेवढंच. पण पुढच्या उन्हाळ्यात बायकांचा वर्ग तीच सांभाळू लागली. नवी बाई पायरीवर अडली की रत्नम्मा तिच्याशेजारी बसून आधी तिला सांगते, मलाही अजून भीती वाटते. मग दोघी मिळून उतरतात.