उजवीकडचं तिसरं घर

पूर ओसरला, तरी शाळेचा हॉल रिकामा व्हायला वेळ लागला. ज्यांची घरं चढावर होती ते आधी गेले. ज्यांचे नातेवाईक जवळपास होते ते त्यांच्या मागोमाग गेले. उरलेल्यांत टेलरबाई होत्या आणि त्यांच्या सासूबाई. सोमवारी शाळा भरणार होती. वर्ग सुरू व्हायच्या आत हॉल मोकळा करावा लागेल, असं मुख्याध्यापकांनी अवघडलेल्या आवाजात सांगून ठेवलं होतं.

सासूबाईंची छाती नाजूक होती. खोली कोरडी असेल, जमिनीखाली चिखल नसेल तरच यांना घरी न्या, असं हॉलमधल्या नर्सनं बजावलं होतं. नणंदेचा फोन आला होता. सोमवारी सकाळी ती गाडी घेऊन येणार होती आणि आईला आपल्या गावी नेणार होती. त्यात तिचं काही चुकत नव्हतं. आई तिचीच होती, आणि तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात पाणी शिरायचा प्रश्नच नव्हता. पण सासूबाई म्हणाल्या, "एकदा तिथे वर चढले, की मला खाली चौघंच आणतील."

टेलरबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता या सासू-सुनांना बांधून ठेवायला घराशिवाय दुसरं काही नाही, असं लोक म्हणत. त्या दोघी भांडत, पण एका घरात भांडत. सासूबाई गेल्या तर भांडायलाही कुणी उरणार नाही, हे टेलरबाईंना कळत होतं. सोमवारपर्यंत मागची एक खोली राहण्याजोगी झाली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. एकटीच्या हातानं ते होणार नव्हतं.

हॉलमध्ये कुणीतरी चर्चच्या मंडळींचं नाव सांगितलं. वरच्या गावातली ही माणसं दर शनिवारी बेकरीच्या व्हॅनमधून येतात, सोबत फावडी आणि बादल्या असतात, पूरवाल्यांची घरं साफ करून देतात आणि संध्याकाळी परत जातात. आपण त्यांच्यातले नाही, मग आपल्याकडे कशाला येतील, असं टेलरबाईंना वाटलं. तरी त्यांनी फोन केला. पलीकडून ज्या बाई बोलल्या त्या पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या आणि फोनवरही गच्च भरलेल्या बसमध्ये बोलावं तशा बोलत. धर्म त्यांनी विचारला नाही. घरात कोण असतं, सगळ्यात आधी काय हवं आणि घर कुठे, एवढंच विचारलं. टेलरबाईंनी सांगितलं: घरात म्हातारी सासू, आधी तिची खोली, आणि गल्लीत शिरलं की उजवीकडचं तिसरं घर.

शनिवारी सकाळी पूल बंद होता. खांबाला तडा आहे का ते तपासत होते. त्यामुळे बेकरीवाल्यानं व्हॅन वळसा घालून गल्लीच्या दुसऱ्या टोकानं आत घेतली आणि उजवीकडच्या तिसऱ्या घरासमोर उभी केली. ते घर किल्लीवाल्यांचं होतं.

किल्लीवाले एकटे राहत. कुलपं दुरुस्त करणं आणि किल्ल्या कापणं हा त्यांचा धंदा. एवढ्या वर्षांत त्यांनी शेजाऱ्याकडून साधी काडेपेटी मागितली नव्हती. हॉलमध्येही ते राहिले नव्हते. माळ्यावर झोपत होते आणि दिवसभर एका तसराळ्यानं चिखल उपसत होते. माणसं दारात उतरलेली पाहून ते म्हणाले, "राहू द्या. मी कुणाला बोलावलेलं नाही."

आता या मंडळींची एक रीत होती. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला कंडक्टरबाई ती आधी समजावून सांगत. घरमालक लाजतो. परक्या माणसानं आपला चिखल काढायचा म्हणजे त्याला कानकोंडं होतं. तो 'राहू द्या' म्हणणारच. त्याच्याशी वाद घालायचा नाही. 'बरं' म्हणायचं आणि बादली उचलायची.

"बरं," कंडक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी बादली उचलली.

किल्लीवाल्यांनी आवाज चढवून सांगितलं, की तुमची काहीतरी चूक होतेय. कंडक्टरबाईंनी सगळेच असं म्हणतात असं सांगून त्यांना दारातून बाजूला सरकवलं, कारण ते वाटेत उभे होते. तिसऱ्यांदा मात्र ते काही बोलले नाहीत.

काम भराभर चाललं. घरातली प्रत्येक वस्तू रस्त्यावर आली आणि तिथे तिचे तीन ढीग झाले: ठेवायचं, टाकायचं आणि विचारायचं. विचारायचा ढीग नेहमीप्रमाणे सगळ्यात मोठा झाला. पुढच्या खोलीच्या जमिनीच्या फळ्या निघाल्या. खालचा चिखल बादल्यांनी बाहेर जाऊ लागला. दोन बायका अंगणात बसून कोऱ्या किल्ल्या एकेक करून धूत होत्या, पुसून टॉवेलवर मांडत होत्या. मधूनमधून कुणीतरी गाणं उचलायचं आणि बाकीचे त्यात मिसळायचे.

टेलरबाई सकाळपासून आपल्या पायरीवर बसून होत्या. गाणं त्यांना ऐकू येत होतं. आधी दुसऱ्या कुणाचं घर घेतलं असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. दुपार झाली तेव्हा मात्र त्या उठल्या आणि आवाजाच्या दिशेनं गेल्या.

त्यांनी आपली ओळख सांगताच कंडक्टरबाईंच्या हातातली बादली खाली आली. त्यांनी घराकडे पाहिलं, मग गल्लीच्या त्या टोकाकडे पाहिलं. बेकरीवाल्यानंही तसंच पाहिलं आणि तो व्हॅनच्या पायरीवर बसला. आजींची खोली कुठली, हे सकाळपासून विचारतोय, पण हे काका काही सांगतच नाहीत, असं कंडक्टरबाई पुटपुटल्या.

किल्लीवाले पुढे आले. ते टेलरबाईंशी बोलले, पण बघत होते टॉवेलवरच्या किल्ल्यांकडे.

"आजींचं विचारलं तेव्हाच मला कळलं, की हे तुमच्याकडे आलेत. मी गप्प बसलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबरोबर चिखल काढत होतं."

"कुलपं उघडायचा धंदा तुमचा," टेलरबाई म्हणाल्या, "आणि स्वतःच्या तोंडाला एवढं मोठं टाळं?"

हसू कुणालाच आलं नाही, कारण टेलरबाईंचे डोळे भरले होते. सोमवारी काय होणार आहे, ते त्यांनी कंडक्टरबाईंना थोडक्यात सांगितलं.

कंडक्टरबाई पेचात पडल्या. अर्धं उघडलेलं घर टाकून जायचं नाही, हा मंडळींचा नियम होता आणि त्याला कारण होतं. फळ्या काढून ठेवलेल्या घरात उरलेला चिखल वाळून दगड होतो, आणि मग तो निघता निघत नाही. उद्या येतो असंही त्यांना म्हणता येत नव्हतं. उद्या रविवार. रविवारी सकाळी उपासना असते आणि त्या दिवशी मंडळी फावडं उचलत नाहीत. आता हातात होता तो फक्त दिवसाचा उरलेला उजेड.

"माझं असंच राहू द्या," किल्लीवाले म्हणाले. "फावडी उचला आणि चला."

"सगळेच असं..." कंडक्टरबाईंनी सवयीनं सुरुवात केली आणि त्या थांबल्या. त्यांनी किल्लीवाल्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. हा माणूस लाजत नव्हता. "बरं," त्या म्हणाल्या.

सगळी मंडळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली. किल्लीवालेही तसराळं घेऊन मागून गेले. त्या दुपारी टेलरबाईंच्या पुढच्या खोलीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. शिलाई मशीन गंजून तसंच उभं राहिलं. मागच्या खोलीतलं कपाट बाहेर आलं, फुगलेल्या फळ्या उखडल्या गेल्या, भिंतीचं ओलं अस्तर कमरेपर्यंत कापून काढलं गेलं. अंधार पडायला लागला तेव्हा चिखल गेलेला होता आणि भिंती औषधाच्या पाण्यानं धुतलेल्या होत्या. पण जमीन नव्हती. नुसते फळ्यांखालचे ओले वासे होते आणि त्यांच्यामध्ये उघडी माती.

कंडक्टरबाईंनी हात धुतले आणि चूक आमची, असं सरळ सांगितलं. टेलरबाई म्हणाल्या, की एका दुपारी एवढं झालं हेच त्यांच्या कल्पनेपलीकडचं आहे. ते त्या मनापासून बोलल्या. पण वाश्यांवर खाट ठेवता येत नाही, हे दोघींनाही दिसत होतं.

हॉलमध्ये सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. देवाच्या माणसांना देवाचा दिवस पाळू दे, असं त्या म्हणाल्या. मग कुशीवर वळून म्हणाल्या, "माझं काय, मी पार्सल. पत्ता लिहा आणि पाठवा."

रविवारी सकाळी टेलरबाई सासूबाईंचे उरलेसुरले कपडे बांधायला घरी गेल्या. मागच्या खोलीतून घरघर ऐकू येत होती. किल्लीवाल्यांनी कुठूनतरी मोठा पंखा मिळवून खिडकीत लावला होता, आणि ते गुडघ्यांवर बसून एकेक वासा फडक्यानं पुसत होते. दाराबाहेर फळ्यांची चळत होती. जुन्या पण खडखडीत कोरड्या. त्या त्यांच्या माळ्याच्या होत्या. पाणी माळ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मग तुम्ही झोपणार कुठे, असं टेलरबाईंनी विचारलं. माळ्याचा एक कोपरा ठेवलाय, ते म्हणाले. मग त्यांनी कबूल केलं, की फळ्या काढणं जमलं पण बसवणं आपल्याला जमणार नाही. एकही लांबीला बरोबर नव्हती. कुलपाखेरीज आपल्याला दुसरं काही कळत नाही, असंही ते म्हणाले. टेलरबाईंनी बोचकं बाजूला ठेवलं आणि दुसरं फडकं घेतलं.

दुपारी बाहेर व्हॅन थांबली. ताज्या पावाचा वास आधी आत आला, मग मंडळी आली. सगळे चर्चच्या कपड्यांत होते. इस्त्रीचे शर्ट, पॉलिश केलेले बूट. बरोबर त्यांचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरूही होते.

"काम करायला आलेलो नाही," कंडक्टरबाईंनी दारातच जाहीर केलं. "आजारी माणसाच्या घरी रविवारी भेटायला जातो आम्ही, तसे आलोय."

"आई हॉलमध्ये आहेत," टेलरबाई म्हणाल्या.

"मग खोलीला भेटतो." त्यांची नजर फळ्यांच्या चळतीवर गेली. "आणि भेटायला गेल्यावर हातावर हात ठेवून बसायची आमच्यात पद्धत नाही."

बेकरीवाल्याचे वडील सुतार होते. त्यानं कोट काढून खुंटीला लावला, मापं घेतली आणि करवत मागितली. करवत व्हॅनमध्ये कशी आली, हे कुणी विचारलं नाही. बाकीचे फळ्या धरायला बसले. पाळकांनी हौसेनं एक खिळा ठोकायला घेतला आणि हातोडी अंगठ्यावर बसली. आता हे काय बोलतात, म्हणून सगळं घर कान देऊन थांबलं. पाळकांनी ओठ मिटले, डोळे वर केले आणि बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, की आजचं प्रवचन सहनशीलतेवर होतं.

टेलरबाईंना काय करावं ते सुचत नव्हतं. एवढ्या माणसांना द्यायला घरात काही नव्हतं, आणि घेणारेही ते नव्हते. मग खुंटीवरच्या कोटाची बाही खांद्यापाशी उसवलेली त्यांना दिसली. मशीन गेलं होतं, पण पर्समध्ये सुईदोरा होता. त्या पायरीवर बसल्या आणि बारीक टाक्यांनी त्यांनी बाही शिवली. कोट घालताना बेकरीवाल्यानं बाही उलटीसुलटी करून पाहिली, पण शिवण कुठे आहे ते त्याला सापडलं नाही.

जाण्याआधी मंडळींनी विचारलं, इथे प्रार्थना केली तर चालेल का? टेलरबाई हो म्हणाल्या. सगळे नव्या जमिनीवर उभे राहिले. पाळकांनी आजींच्या छातीसाठी मागितलं, त्यांच्या गुडघ्यांसाठी मागितलं, त्यांच्या लेकीचा प्रवास सुखरूप होऊ दे म्हणाले, आणि माळा उघडा करून दिलेल्या शेजाऱ्यासाठी आभार मानले. किल्लीवाल्यांनी मान खाली घातली होती. पुढच्या शनिवारी आम्ही तुमच्याकडे आहोत, असं कंडक्टरबाईंनी त्यांना निघताना सांगितलं. या वेळी ते 'राहू द्या' म्हणाले नाहीत. या, म्हणाले.

सोमवारी सकाळी नणंद आली. बॅगा गाडीत ठेवून झाल्या, पण सासूबाईंनी हट्ट धरला, की आधी माझी खोली बघ आणि मग मला हवं तिथे ने. नणंदेनं गाडी गल्लीत घेतली. आईला गाडीतच बसवून ती टेलरबाईंबरोबर आत गेली.

ती घाई करणारी बाई नव्हती. तिनं भिंतीवर सगळीकडे तळहात दाबून पाहिला. कोपऱ्यात वाकून वास घेतला. टाच आपटत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. फळ्या वेगवेगळ्या रंगांच्या होत्या, पण एकही हलत नव्हती.

"लाकूड कुणाचं?"

"किल्लीवाल्यांच्या माळ्याचं."

"त्या तुसड्या माणसाचं? आणि बसवलं कुणी?"

टेलरबाईंनी चर्चच्या मंडळींचं सांगितलं. शनिवारची चूक सांगितली, रविवारची भेटही सांगितली. नणंद ऐकत राहिली.

"आपल्या ओळखीतले आहेत का ते?"

"आता आहेत, वन्सं."

बाहेर सासूबाईंनी गाडीचा हॉर्न वाजवला आणि लगेच पुन्हा वाजवला. नणंद खिडकीपाशी गेली. पंख्यानं सुकलेल्या चौकटीवरून तिनं बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग ती बाहेर गेली. टेलरबाई खोलीच्या मधोमध उभ्याच राहिल्या. गाडीची डिकी उघडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.

नणंद परत आली तेव्हा तिच्या एका हातात आईची बॅग होती आणि काखेत दुमडलेल्या चादरी.

"वहिनी," ती म्हणाली, "या कुठे ठेवू?"

टेलरबाईंनी नव्या फळ्यांवर मांडून ठेवलेल्या खाटेकडे हात केला.